बारा जणी आणि चौकटीवरची रेघ

१ जुलै, मंगळवार

पाच पास होऊन गेल्या, सात उरल्या. बारा जणींच्या संघाची यादी एकवीस तारखेला, सोमवारी, विद्यापीठात पोचायला हवी. म्हणजे वीस दिवसांत पाच मुली उभ्या करायच्या.

गेल्या त्या कोण, हेही लिहून ठेवते. कप्तान गेली. बास्केटखाली उभी राहिली की पलीकडचं काही दिसू न देणारी आमची भिंत गेली. लांबून मारणाऱ्या दोघी गेल्या. आणि चेंडू पुढे नेणारी गेली — खरी पंचाईत तीच. मारणाऱ्या मिळतात. चेंडू सांभाळून पुढे नेणारी, कुणाला कधी द्यायचा हे धावता धावता ठरवणारी, शोधून सापडत नाही. मागच्या हंगामात उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला तिचा पाय मुरगळला आणि तिच्या जागी घालायला माझ्याकडे कुणी नव्हतं. दोन गुणांनी हरलो. सहा महिने झाले, अजून भांडी घासताना आठवतं आणि भांडं जरा जोरात आपटलं जातं.

उरल्या त्या अशा: पेन्सिल — उंच, पण कुणाचा धक्का लागेल म्हणून आधीच वाट करून देते. डावखुरी — हात चांगला, डोकं गरम. दोन जुळ्या — एकमेकींनाच पास देतात, मैदानावर आणखी तिघी आहेत हे त्यांच्या गावीही नसतं. आणि तीन अशा, की ज्यांच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं काही नाही. चांगलंही नाही.

हे म्हणाले, "दर जुलैत तुझा संघ बुडालेला असतो." आमचे हे नकाशे काढतात. त्यांची नदी एकदा कागदावर काढली की तिथंच राहते, पास होऊन घरी जात नाही. त्यांना काय कळणार!

२ जुलै, बुधवार

सुट्टीत सामानाच्या खोलीला नवी फरशी बसवलीय. पांढरीशुभ्र. ज्या उंबऱ्याला मी सव्वीस वर्षं ठेचकाळत आले तो गायब! आत शिरताना सवयीने पाय उंच उचलला आणि हवेतच राहिला. अंगठ्याचे दिवस पालटले.

४ जुलै, शुक्रवार

मापं घेतली. काय लिहू!

दर वर्षी पहिलं काम हेच. बूट काढायचे आणि सामानाच्या खोलीच्या चौकटीला पाठ लावून उभं राहायचं. चौकटीवर इंचाइंचाच्या खुणा आहेत त्या माझ्या. पण पाच फूट तीनवरची लाल रेघ माझी नाही, ती सरांची. ज्यांनी मला हा खेळ शिकवला ते सर. मी अठराची असताना निवडीच्या दिवशी इथंच उभी राहिले होते. रेघेला डोकं लागेल ती संघात, असं सर म्हणाले, आणि माझं डोकं रेघेला बरोबर टेकलं. केसभरही कमी नाही, केसभरही जास्त नाही. रंग नुकताच पुन्हा दिलेला असावा, कारण घरी गेल्यावर आईने घर डोक्यावर घेतलं — केसांत लाल रंग! रॉकेल चोळून काढला. तीन दिवस वर्गात कुणी जवळ बसेना.

पुढे सर निवृत्त झाले आणि मी त्यांच्या जागी आले. तेव्हापासून नियम एकच: रेघेला लागलीस तर ये, नाही तर नाही. त्यामुळे माझं आयुष्य सोपं झालं. कुणाची भाची, कुणाच्या शेजाऱ्यांची मुलगी, शिफारशीच्या चिठ्ठ्या — सगळ्यांना मी चौकट दाखवते. रेघेला विचारा म्हणते. रेघ कुणाचं ऐकत नाही.

तर आज सातही जणींना उभं केलं. डावखुरी गेल्या वर्षीपेक्षा दीड इंच जास्त. म्हटलं, वाढीचं वय. पहिली जुळी — दीड इंच. दुसरी — दीड इंच. जुळ्याच त्या, एकीला मिळालं ते दुसरीला मिळायलाच हवं. मग पेन्सिल. ती तर पाच फूट साडेदहा! सातच्या सात दीड इंचाने वाढल्या!

मला माहीत आहे कशामुळे. सुट्टीला सोडताना मी सगळ्यांना बजावलं होतं — रोज सकाळी पाच मिनिटं दांड्याला लटकायचं. तेव्हा नाकं मुरडली होती. आज विचारलं, लटकलात ना? सगळ्या एका सुरात हो म्हणाल्या. पेन्सिल जरा उशिरा म्हणाली.

भिंत गेली म्हणून रडत होते. आता पाहा, आख्खं कुंपण उभं राहिलंय.

६ जुलै, रविवार

सरांकडे गेले. निवृत्तीनंतर पंचवीस वर्षं मुलाकडे लांब होते, आता मार्चपासून इथं मुलीकडे आलेत. दर रविवारी जायचं ठरवलंय. पायांनी थकलेत. जिभेने अजिबात नाही.

मोठ्या कौतुकाने सांगितलं, सर, सगळ्या रेघेच्या वर आहेत यंदा, हातभर. सर म्हणाले, "कसली रेघ?"

मला चटका लागला. विषय बदलला. ब्याऐंशीचे झालेत, विसरायचेच. पण रेघसुद्धा विसरावी?

७ जुलै, सोमवार

नव्या मुलींची चाचणी. अठ्ठावीस आल्या. त्यातल्या सोळा चेंडू पाहून डोळे मिटतात. उरलेल्यांतून चार घेतल्या, चारही रेघेच्या चांगल्या वर. त्यांतली एक शेतकामाने की कशाने देव जाणे, खांद्यांनी अशी भरलेली आहे की पेन्सिल तिच्यामागे उभी राहिली तर सापडणार नाही. नाव पाडलं रणगाडा. तिला आवडलं.

सात आणि चार अकरा. चेंडू पुढे नेणारी मात्र अजून नाही. जुळ्यांपैकी एकीला देऊन पाहिलं. तिने तो दुसरीला दिला.

९ जुलै, बुधवार

बटण पास झाली!

हिच्याबद्दल आधी लिहायला हवं. बटण दुसऱ्या वर्षात आहे. गेल्या वर्षी चाचणीला आली तेव्हा खेळ पाहून मी जागची उठले होते. चेंडू तिच्या हाताला चिकटल्यासारखा, आणि मान वर, नजर चहूकडे. मग चौकटीला उभी केली — सव्वा इंच कमी. मी नाही म्हटलं. दुसरी रडली असती. ही म्हणाली, "मग मी गुण लिहायला बसू?" आणि वर्षभर टेबलावर बसली. प्रत्येक सामना लिहिला. कुणी किती पास चुकवले हे मला विचारायची गरजच नाही, तिच्या वहीत सगळं आहे. उपांत्य सामन्यात ते शेवटचं मिनिट चाललं होतं तेव्हा तिने हातातली पेन्सिल मोडली होती. मी पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

आज मीच तिला बोलावलं. म्हटलं, सगळ्या वाढल्यात, तू लटकलीस की नाही? चौकटीला उभी राहिली. डोक्यावर पट्टी ठेवली. रेघेच्या वर! पाव इंच, पण वर म्हणजे वर.

मला वाटलं उडी मारेल. ती खाली फरशीकडे पाहत राहिली. म्हटलं, काय गं, बोल की. "काही नाही बाई," म्हणाली. लाजली असेल. फार वाट पाहिली पोरीने.

मी मात्र घरी येताना गुणगुणत होते. यांनी विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कुणी गेलं नाही, आलंय.

१० जुलै, गुरुवार

बारा!

११ जुलै, शुक्रवार

बटण आल्यापासून संघ ओळखू येत नाही. आज पाच विरुद्ध पाच खेळवलं. जुळ्या पहिल्यांदाच तिसऱ्या माणसाला पास देताना दिसल्या, कारण बटण त्या दोघींच्या मधेच उभी राहते. साधी युक्ती. वर्षभर मला सुचली नाही. तिने म्हणे टेबलावरून पाहून ठेवली होती.

डावखुरीला चेंडू नेमका डाव्या हातात मिळतो. तिचा राग निम्मा झाला. पेन्सिलला बटणने आडोशाला नेऊन काहीतरी सांगितलं, त्यानंतर ती बास्केटखाली पाय रोवून उभी राहिली. काय सांगितलंस, विचारलं. "म्हटलं, तू बाजूला झालीस की मागे मीच असते, आणि मला लागतं."

प्राचार्यांना दांड्याचं सांगितलं. तेच विचारायला लागले, किती मिनिटं, किती दिवस, कोणत्या वयापर्यंत. मामांनी — मैदानाची निगा राखतात ते मामा — मला बाजूला घेऊन सांगितलं की साहेब संध्याकाळी सगळे गेल्यावर एकटेच दांड्याला लटकलेले असतात. कोट घडी करून पायरीवर ठेवलेला. मी हसले नाही. गंभीर चेहऱ्याने मामांना म्हटलं, खाली गादी घालत जा.

१२ जुलै, शनिवार

गुडघा कुरकुरतोय. औषधांच्या दुकानात मलम आणायला गेले. काउंटरवरच्या बाई माझ्याच विद्यार्थिनी. चौदा वर्षांपूर्वी चाचणीला आल्या होत्या. अर्धा इंच कमी पडल्या. अर्धाच. त्या वर्षी त्यांच्याइतकी जलद दुसरी कुणी नव्हती. मी नाही म्हटलं तेव्हा त्या मैदानाच्या कडेला बूट हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या.

राग नाही त्यांच्या मनात. आजही मलमाची पुडी बांधता बांधता हसून म्हणाल्या, "बाई, रेघ आहे ना अजून?" दर वेळी विचारतात. मीही हसून म्हणाले, आहे की, जागच्या जागी.

माझ्याकडे एक वही आहे. वर "रेघेखालच्या" असं लिहिलंय. ज्या खेळायला उत्तम होत्या आणि फक्त उंचीने गेल्या, त्यांची नावं. एकेचाळीस आहेत. का लिहिते माहीत नाही. गेल्या वर्षी बटणचं नाव लिहिलं होतं ते परवा खोडलं. पहिल्यांदाच एक नाव खोडता आलं. म्हणजे चाळीस. बरं वाटलं.

१३ जुलै, रविवार

सरांना सर्दी. त्यांच्या मुलीने फोनवरच सांगितलं, पुढच्या रविवारी या.

१५ जुलै, मंगळवार

नदीपलीकडच्या कॉलेजशी सरावाचा सामना. अकरा गुणांनी जिंकलो!

तिथल्या प्रशिक्षक बाई माझ्या जुन्या मैत्रीण आणि त्याहून जुन्या वैरीण. आमच्या रांगेकडे पाहून म्हणाल्या, "तुझ्या मुली मोठ्या दिसत नाहीत गं. तू तर फोनवर केवढ्या उंच सांगत होतीस." म्हटलं, जळणाऱ्यांना तसंच दिसतं. पण रणगाडा त्यांच्या उंच मुलीच्या शेजारी उभी राहिली तेव्हा मलाही ती जरा आखूडच वाटली. म्हटलं, खांद्यांमुळे तसं दिसत असेल.

सामन्याचं काय सांगू. शेवटच्या दोन मिनिटांत त्यांनी दोघी दोघी बटणवर घातल्या. ती त्यांच्या कोपराखालून निघून गेली. तिच्यापेक्षा वीतभर उंच मुली खाली वाकून तिला शोधत होत्या! मी ओरडले नाही. बाकावर बसून होते. इतकी स्वस्थ मी सामन्यात कधी बसले नव्हते. यंदा पहिल्या दोनांत येऊ. लिहून ठेवते. दृष्ट लागली तर माझीच लागेल.

१६ जुलै, बुधवार

शिंपीकाका जर्सी आणि पँटची मापं घ्यायला आले होते. त्यांच्या वहीत गेल्या वर्षीची मापं असतात. मी म्हटलं, काका, पँट दीड इंचाने वाढवा, पोरी वाढल्यात. त्यांनी डावखुरीला मापलं. पेन्सिलला मापलं. जुळ्यांना मापलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पेन्सिलला मापलं.

"बाई," म्हणाले, "कुणीच वाढलेलं नाही. हिची कंबर तेवढी वाढलीय."

पेन्सिल खाली बघायला लागली. मी म्हटलं, काका, टेप बदला. त्यांना ते लागलं. चाळीस वर्षं याच टेपने गावाची मापं घेतोय म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

संध्याकाळपासून चैन नाही.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी लवकर गेले. यांचा पोलादी टेप बरोबर नेला. खोलीत मामा झाडत होते. चौकटीवरची लाल रेघ फरशीपासून मापली.

पाच फूट दीड इंच.

पुन्हा मापली. पाच फूट दीड. मामांना विचारलं, फरशी बसवताना जुनी काढली होती ना? "छे हो," मामा म्हणाले, "ती उखडायला चार दिवस लागले असते. तिच्यावरच सिमेंट टाकून बसवली. दारालाही खालून रंधा मारून घ्यावा लागला. म्हणून तर तुमचा उंबरा गेला."

मी तिथंच चेंडूंच्या पोत्यावर बसले. फरशी दीड इंच वर आली आणि मी सात पोरींना दीड इंच वाढवून बसले. दांड्याचं श्रेय घेतलं! मैत्रिणीला फोन केला! प्राचार्यांना लटकवलं! हसू आवरेना. मामा विचारायला लागले, बाई, पाणी आणू का.

मग हळूहळू दुसरं लक्षात आलं आणि हसू थांबलं. सगळ्यांची खरी उंची पुन्हा काढली. अकरा जणी खऱ्या मापानेही रेघेच्या वर आहेत. बटण नाही. ती जिथं होती तिथंच आहे. सव्वा इंच खाली.

प्राचार्यांना जाऊन सांगितलं, साहेब, चूक झाली, दांड्याने उंची वाढत नाही. ते खांदे ताठ करत म्हणाले, "पण मला फरक जाणवतोय."

१८ जुलै, शुक्रवार

अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सरावानंतर बटण थांबली. हातात जर्सी, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेली.

"बाई, मी वाढलेले नाही."

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

"मला त्याच दिवशी कळलं. माझे बाबा फरशीचंच काम करतात. लहानपणापासून बघतेय. दाराखालची फट बघितली की समजतं, फरशीवर फरशी बसवलीय." मग म्हणाली, "त्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही एवढ्या खूश होतात. आणि मला एकदा तरी खेळायचं होतं. एक सामना झाला. बास झालं."

मी जर्सी घेतली नाही. ठेव तुझ्याकडे, रविवारनंतर बघू, म्हटलं. ती जाताना म्हणाली, "गुण लिहायची वही कुठं ठेवलीय, बाई? या आठवड्याचं लिहायचं राहिलंय."

१९ जुलै, शनिवार

जेवताना यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "नियम तुझाच आहे. बदल."

तेच तर. माझा नाही. माझा असता तर आत्ता फाडून टाकला असता. सरांचा आहे, आणि मी त्याच नियमाने आत आले. त्या वेळच्या निवड कमिटीला उंच मुली हव्या होत्या. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. रेघ होती म्हणून मला घ्यावंच लागलं त्यांना. रेघेने माझ्या बाजूने साक्ष दिली. आता माझ्या लाडकीसाठी तीच रेघ पुसू? मग ज्या चाळीस जणींना मी त्याच रेघेवरून परत पाठवलं, त्यांना काय तोंड दाखवू? दुकानातल्या बाईंना काय सांगू — तुमच्या वेळी अर्धा इंच मोठा होता, आता सव्वा इंच छोटा झाला?

हे म्हणाले, "नकाशात चूक सापडली तर आम्ही नकाशा बदलतो, नदी नाही."

बोलायला सोपं आहे. कागदावरची माणसं.

यादी लिहिली. अकरा नावं, खऱ्या उंचीसह. बारावी ओळ कोरी ठेवली. हात पुढे जाईना. बटण नाही तर तीच जागा पुन्हा रिकामी, आणि पुन्हा शेवटचं मिनिट. पण ते माझं दुखणं झालं. नियम तो नियम. उद्या सरांकडे जाते. त्यांची रेघ आहे, त्यांनाच विचारते. ते नाही म्हणाले तर वहीत तिचं नाव पुन्हा लिहायचं. एकेचाळीस.

२० जुलै, रविवार

सरांना सगळं सांगितलं. "कसली रेघ?" पुन्हा तेच. मग मी म्हटलं, सर, लाल, चौकटीवर, पाच फूट तीन. त्यांनी कप खाली ठेवला.

"ती होय! अगं, ती तर तुझी. कमिटीला तू नको होतीस, बुटकी आहे म्हणाले. मी विचारलं, बुटकी म्हणजे किती? कुणालाच सांगता येईना. म्हटलं, मग मी रेघ मारतो, तिला लागेल ती खेळेल. आदल्या दिवशी तू पाणी पीत चौकटीला टेकून उभी होतीस, मागून हळूच पेन्सिलीने खूण केली. सकाळी तू यायच्या आधी रंग मारला. वाळायलाही वेळ नव्हता. तुझ्यानंतर कुणाला उभं केलं नाही मी तिथं, काम झालं होतं की. — म्हणजे तू अजून पुसली नाहीस?"

घरी येऊन बारावं नाव शाईने लिहिलं. उंचीच्या रकान्यात खरी उंची: पाच फूट पावणेदोन.

मग "रेघेखालच्या" वही काढली. पहिल्या पानापासून एकेक नाव मोठ्याने वाचलं. हे आतून ऐकत होते.

उद्या यादी दिली की औषधांच्या दुकानात जायचं. मलम अजून अर्धं आहे.